आधी ‘घ्या’, मग ‘वगळा’

चाळीस मशीनची एक लॅब धरा. यवतमाळची असो, पुसदची असो की वणीची. सगळ्या मशीनवर डेबियन आहे आणि महिनाभराची अपडेट्स साचली आहेत, मशीनमागे पाचशे एमबी. प्रत्येक मशीन आपापली अपडेट्स इंटरनेटवरून ओढू लागलं तर एकूण वीस जीबी उतरवावे लागतात. हाती लागणारा वेग वीस एमबीपीएस असेल (बिलावर शंभर छापलेले असतात, ते सोडा), तर सव्वादोन तास ती लाइन दुसऱ्या कुणाच्या कामाची राहत नाही. तेवढ्यात ऑफिसातून निरोप येतोच: परीक्षेचे फॉर्म अपलोड होत नाहीत, तुमच्या लॅबमध्ये काय चाललंय? तेच पाचशे एमबी एकदाच एका मशीनवर आणून ठेवले आणि बाकीच्यांनी लॅबच्या आतल्या स्विचवरून घेतले, तर बाहेरच्या लाइनवर साडेतीन मिनिटांचंही काम नाही.

ते एक मशीन म्हणजे मिरर. तो कसा उभारायचा हे सांगणारं लिखाण भरपूर आहे आणि ते बहुतेक एका ओळीत उरकलेलं असतं: अमुक कमांड द्या, रात्रभर चालू द्या. ज्यांच्याकडे डिस्क आणि लाइन दोन्ही मुबलक आहेत त्यांचं त्यात भागतं. आपला प्रश्न त्या ओळीच्या पुढे सुरू होतो. रिपॉझिटरीतून काय आणायचं आणि काय आणायचं नाही, हे मिररला सांगणाऱ्या ‘इन्क्लूड’ आणि ‘एक्सक्लूड’ नियमांची ही पुस्तिका आहे. जिल्ह्यातल्या सोळा तालुक्यांत कॉलेजं, पॉलिटेक्निक, आयटीआय आणि शाळांच्या लॅब सांभाळणारी जी माणसं आहेत, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे.

आधी आकार पाहू. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ आली तेव्हा तिच्यात ६९,८३० पॅकेजं होती. अधिकृत पाठबळ असलेली आर्किटेक्चर सात. त्यातलं एस३९०एक्स हे आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी आहे, पीपीसी६४ईएल पॉवर प्रोसेसरसाठी, रिस्क-व्ही तर याच आवृत्तीत पहिल्यांदा अधिकृत झालं. यवतमाळ जिल्ह्यात कुणाच्या लॅबमध्ये मेनफ्रेम असल्याचं ऐकिवात नाही. तरीही ‘सगळं घे’ म्हटलं की मिरर सातही आर्किटेक्चर आणणार, शिवाय जुन्या आवृत्त्या, शिवाय सोर्स. हे सगळं टेराबाइटांत जातं. आणि लॅबमधलं एखादं मशीन उघडून बसवलेली पॅकेजं मोजली तर ती दोन-अडीच हजारांच्या आसपास भरतात. म्हणजे वगळायला जागा प्रचंड आहे, आणि म्हणूनच वगळताना हात सैल सुटतो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढे ती कुणी सांगणार नाही. तुमची लाइन दिवसभर भरवशाची असेल तर तुम्हाला मिररची गरजच नाही. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’सारखी कॅश लावा. पहिल्या मशीननं मागितलेलं पॅकेज ती बाहेरून आणते, जपून ठेवते आणि उरलेल्या एकोणचाळीसांना तेच देते. नियम लिहायची कटकट नाही. मिरर लागतो तो प्रॅक्टिकलच्या दिवशी लाइन गेलेली असते तेव्हा. कॅशमध्ये फक्त आधी कुणीतरी मागितलेलंच असतं. मिररमध्ये न मागितलेलंही असतं. हा फरक तुमच्या उपयोगाचा आहे की नाही, ते तुमच्याकडे लाइन आणि लाईट किती वेळा जाते त्यावर ठरवा.

आता साधनं. या कामातलं जुनं आणि अजूनही खूप वापरलं जाणारं साधन म्हणजे ‘आर्सिंक’. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोन ऑस्ट्रेलियनांनी ते १९९६ मध्ये जाहीर केलं, ट्रिजेलच्या पीएच.डी. प्रबंधाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे. संथ लाइनवरून दोन ठिकाणच्या फायली जुळत्या ठेवायच्या, तर बदललेला तुकडाच पाठवावा, ही त्यामागची कल्पना. पॅकेजच्या फायली दाबून बांधलेल्या असल्यामुळे त्या तुकड्यांचा इथं फारसा फायदा होत नाही. फायदा होतो तो जी फाइल आधीच आहे तिला हातही न लावण्याचा.

आर्सिंकचे नियम एका फाइलीत ओळीनं लिहितात. ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह म्हणजे घे, उण्याचं चिन्ह म्हणजे सोड. आर्सिंक प्रत्येक फाइलीचं नाव घेऊन वरून खाली येतं आणि जो नियम पहिल्यांदा जुळतो तिथं थांबतं. खालचे नियम मग त्या फाइलीपुरते वाचलेच जात नाहीत. एकही जुळला नाही तर फाइल घेतली जाते. एवढंच व्याकरण आहे, पण त्यातून निघणारी गंमत पुष्कळांना रडवते.

सगळ्यांना एकदा तरी छळणारं उदाहरण असं. माणूस दोन ओळी लिहितो. पहिली: शेवटी ‘डेब’ असलेली प्रत्येक फाइल घे. दुसरी: बाकी सगळं, म्हणजे नुसती फुली (*), सोड. वाचायला एकदम बरोबर. कमांड चालवली की दोन सेकंदांत संपते आणि डिस्कवर काहीही येत नाही. कारण आर्सिंक आधी वरच्या पातळीवर पाहतं. तिथं ‘पूल’ नावाची डिरेक्टरी आहे. तिच्या नावाच्या शेवटी ‘डेब’ नाही, म्हणून पहिला नियम लागत नाही. फुलीचा नियम लागतो. ‘पूल’ बाहेर गेली. डिरेक्टरी वगळली की आर्सिंक तिच्या आत उतरतच नाही, मग आत हजारो ‘डेब’ असोत. उपाय एका ओळीचा: सगळ्यात वर ‘प्रत्येक डिरेक्टरी घे’ असा नियम, फुलीच्या पुढे तिरकी रेघ देऊन. रिकाम्या डिरेक्टरी नको असतील तर त्या छाटण्याचा वेगळा पर्याय आहे. ही एक ओळ ज्याला का लागते ते कळलं, त्याला आर्सिंकचे तीन-चतुर्थांश नियम कळले.

तिरक्या रेघेचे आणखी दोन गुण लक्षात ठेवावेत. नियमाच्या सुरुवातीला ती असली तर नियम मिररच्या मुळापाशीच लागतो. नसली तर कुठल्याही खोलीवर, त्या नावाची डिरेक्टरी जिथं सापडेल तिथं लागतो. आणि एक फुली तिरकी रेघ ओलांडत नाही. दोन फुल्या ओलांडतात. पहिल्या वाचनात हे क्षुल्लक वाटतं. पण ‘डॉक’ हे नाव सुरुवातीच्या रेघेशिवाय वगळून पाहा, म्हणजे ‘डॉक’ किती ठिकाणी असतं ते समजेल.

दुसरं साधन ‘डेबमिरर’. ते खास डेबियनसाठी, पर्लमध्ये लिहिलेलं. आर्किटेक्चर कुठलं, आवृत्ती कुठली, ‘मेन’ हवं की ‘कॉन्ट्रिब’ही, सोर्स हवा की नको, हे सगळं ते नीट विचारून घेतं. नावावरून वगळायची सोयही आहे. तिसरं म्हणजे फेडोरा, रॉकी, अल्मा या घराण्यातलं ‘डीएनएफ’ आणि त्याचं ‘रेपोसिंक’. तिथं रेपोच्या फाइलीत ‘एक्सक्लूडपीकेजीएस’ आणि ‘इन्क्लूडपीकेजीएस’ अशा दोन ओळी लिहिता येतात.

तिन्ही साधनांत शब्द तेच, घ्या आणि वगळा. पण दोघांचं भांडण झालं तर निकाल कुणाच्या बाजूनं, हे तिघांकडे वेगळं आहे. आर्सिंकमध्ये जो आधी लिहिला तो जिंकतो. डेबमिररमध्ये क्रमाला किंमत नाही. एखादी फाइल ‘घ्या’मध्ये बसली तर ‘वगळा’ तिला बाहेर काढू शकत नाही. डीएनएफमध्ये बरोबर उलट: ‘वगळा’ कायम वरचढ, आणि ‘घ्या’ म्हणजे ‘एवढंच घ्या’. समजा तिथं पायथननं सुरू होणारी पॅकेजं ‘घ्या’त लिहिली आणि ३२-बिटची सगळी ‘वगळा’त लिहिली. मग फक्त पायथनची पॅकेजं दिसतील, तीही ३२-बिटची सोडून. रेपोतलं बाकी सगळं गायब. डेबियनवर शिकलेला माणूस रॉकी लिनक्सची लॅब हाती घेतो आणि ‘घ्या’मध्ये एकच पॅकेज लिहितो, एवढं तरी नक्की यावं म्हणून. मग एवढंच येतं.

(२०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं, मग ते निमंत्रण मागे घेतलं आणि शेवटी उद्घाटन शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. आर्सिंकच्या नियमानं पहिली ओळच टिकली असती. त्या वेळी डीएनएफचा नियम लागला.)

आता नमुन्यांकडे, म्हणजे नावं जुळवण्याच्या पद्धतीकडे. आर्सिंक आणि डीएनएफ फुलीची साधी भाषा वापरतात: फुली म्हणजे काहीही. डेबमिरर मात्र पर्लची रेग्युलर एक्स्प्रेशन घेतं, आणि तिथं चिन्हांचे अर्थच बदलतात. माझं आवडतं उदाहरण सी-प्लस-प्लसच्या कंपायलरचं. पॅकेजचं नाव जी आणि पुढे दोन अधिक. हे नाव जसंच्या तसं डेबमिररच्या ‘वगळा’त टाकलं तर पर्लच्या दृष्टीनं त्याचा अर्थ होतो: ‘जी’ हे अक्षर एकदा किंवा अनेकदा. म्हणजे ज्या फाइलीच्या वाटेत कुठेही ‘जी’ आहे ती प्रत्येक फाइल बाहेर. कुठलीही सूचना नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. मिरर आनंदानं पूर्ण होतो, आणि गिट, जिंप, ग्नोम यांपैकी काही नसतं. अधिकच्या प्रत्येक चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली की प्रश्न मिटतो.

फुलीची साधी भाषाही फार साधी नाही. जर्मन भाषेच्या फायली नकोत म्हणून कुणी ‘फुली, आडवी रेघ, डीई, फुली’ असा नमुना लिहिला तर जर्मन जाईलच. पण ‘-डेव्ह’नं संपणारी सगळी पॅकेजंही जातील, ज्यांच्याशिवाय सी प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये एकही लायब्ररी जोडता येत नाही. आणि ‘-डेस्कटॉप’ असलेली सगळीही जातील. त्यात एक ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ आहे.

इथं थोडं थांबायला हवं, कारण या पुस्तिकेचा उगमच मुळात या पॅकेजपाशी आहे.

जागा वाचवायची म्हटलं की पहिली कुऱ्हाड भाषांच्या पॅकेजांवर पडते. ते चूकही नाही. लिब्रे ऑफिसच्या आणि फायरफॉक्सच्या भाषांतरांची यादी पाहिली तर आइसलँडिकपासून झुलूपर्यंत सगळं असतं, आणि आपल्या लॅबमध्ये आइसलँडिक लागत नाही. म्हणून नावात ‘एल१०एन’ असलेलं सगळं वगळा, असा नियम जगभरच्या लोकांच्या फायलींमध्ये सापडतो. तो उचलून आपल्या फाइलीत चिकटवला की मराठीही गेली. आर्सिंकमध्ये त्याच्या वर एक ओळ हवी: ‘एल१०एन-एमआर’ घे. वर म्हणजे वरच. खाली लिहिली तर ती कुणी वाचणार नाही.

पण एवढ्यानं मराठी येत नाही. कारण रिपॉझिटरीत मराठी एका नावानं राहत नाही. लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्सची भाषांतरं ‘एमआर’ या दोन अक्षरांखाली आहेत. ‘ॲस्पेल’चा शुद्धलेखन कोशही तसाच. छापील मजकूर वाचणाऱ्या ‘टेसरॅक्ट’ची मराठी ‘एमएआर’ अशा तीन अक्षरांत. लोहितचा फाँट पूर्ण ‘मराठी’ लिहून, तोही ‘देवा’ या देवनागरीच्या खुणेनंतर. कीबोर्डवरून इन्स्क्रिप्टनं किंवा उच्चारानुसार मराठी टाइप करायची तर त्याचे तक्ते ‘एम१७एन-डीबी’ या पॅकेजात आहेत, ज्याच्या नावात मराठीचा मागमूस नाही. आणि लेटेकमध्ये भारतीय भाषांची सोय आता ‘टेक्सलाइव्ह-लँग-अदर’मध्ये आहे. आठ कोटींपेक्षा जास्त लोक बोलतात ती भाषा ‘इतर’मध्ये! ‘टेक्सलाइव्ह-लँग’ नावानं सुरू होणारं सगळं वगळायचा मोह होतो, कारण ती पॅकेजं मोठी आहेत. त्यात हे ‘इतर’ही जातं. बरं, उलट बाजूनं ‘एमएआर’ असलेलं सगळं घ्या असा नियम केला तर मारियाडीबी, मार्कडाउन आणि मार्बल हा नकाशांचा प्रोग्रॅम, असे सगळे मराठीच्या रांगेत उभे राहतात. म्हणून मराठीसाठी एक नमुना पुरत नाही, नावांची यादीच लागते. ती यादी या पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात दिली आहे आणि माझ्या मते पुस्तिकेतली सगळ्यात कामाची पानं तीच.

हे काम आपल्याकडे कुणी केलंच नाही असं नाही. सी-डॅकनं २००७ मध्ये काढलेली ‘बॉस’ लिनक्स डेबियनवरच बेतलेली आहे आणि भारतीय भाषा हेच तिचं मुख्य भांडवल. एखादं डिस्ट्रिब्युशन बेतणं हीसुद्धा निवडच असते: काय ठेवायचं, काय सोडायचं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे आणि लेटेकचे धडे मराठीतून ऐकता येतात. धडा मराठीत ऐकायचा आणि मशीनवर मराठी उमटू नये, असं आपल्या मिररमुळे होऊ नये, इतकीच माफक अपेक्षा.

भाषांखालोखाल कुऱ्हाड पडते ती ‘-डॉक’ पॅकेजांवर. माझं मत स्पष्ट आहे: ती वगळू नका. ज्याच्याकडे नेट आहे त्याला पायथनची किंवा पोस्टग्रेसची मॅन्युअल डिस्कवर कशाला, हे खरं. पण मिरर आपण नेट नसतानासाठीच ठेवतो. लाइन गेलेल्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फंक्शनचे पॅरामीटर पाहायचे असतात तेव्हा त्याला हेच डॉक उघडता येतं. खेळ वगळा, मोठमोठे थ्रीडी डेटासंच वगळा, विज्ञानशाखा नसेल तर जनुकशास्त्राची पॅकेजं वगळा. डॉक ठेवा.

आता नियम लिहून झाले, मिरर उतरला, जागा वाचली. पहिल्याच दिवशी एखादं मशीन म्हणतं: ४०४, फाइल सापडत नाही. या तक्रारीमागे नियम नसतो, सूची असते. डेबियनच्या ‘डिस्ट्स’ डिरेक्टरीत ‘पॅकेजेस’ नावाच्या सूच्या असतात. कुठलं पॅकेज आहे, कुठल्या वाटेवर आहे, त्याचा हॅश काय, हे मशीन तिथून वाचतं. आपण ‘पूल’मधून फायली गाळल्या, सूची मात्र मूळचीच ठेवली. सूची म्हणते आहे, डिस्कवर नाही. बरं, सूचीतल्या ओळी हातानं काढाव्यात तर सही मोडते. डेबियन एकेका पॅकेजवरच्या सहीवर विसंबत नाही. ‘इनरिलीज’ फाइलीवर सही, तिच्यात सूचीचा हॅश, सूचीत पॅकेजचा हॅश, अशी साखळी आहे, आणि मधली कडी बदलली की ॲप्ट सगळंच नाकारतं. नाकारायलाच हवं.

इथं दोनच प्रामाणिक वाटा आहेत. एक, नावावरून गाळायचंच नाही. आर्किटेक्चर, आवृत्ती, सोर्स अशा पातळीवर गाळायचं. यांच्या सूच्या मुळात वेगळ्या असतात. एएमडी६४ वापरणारं मशीन एआरएमची सूची मागतच नाही, त्यामुळे ती पॅकेजं नसल्याचं त्याला कळतही नाही. दुसरी वाट ‘ॲप्टली’ किंवा ‘रेप्रेप्रो’ची. ही साधनं गाळल्यावर उरलेल्या पॅकेजांची नवी सूची बनवतात आणि तुमच्या स्वतःच्या किल्लीनं सही करतात. ती किल्ली लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर एकदा बसवावी लागते. ॲप्टलीत गाळणीसोबत अवलंबनंही ओढण्याचा पर्याय आहे. तो लावायला विसरू नका, नाहीतर लिब्रे ऑफिस येईल आणि ते ज्या लायब्रऱ्यांवर उभं आहे त्या येणार नाहीत. तिसरी एक वाट लोक वापरतात: सोर्स यादीत ‘ट्रस्टेड बरोबर येस’ लिहून सहीची तपासणीच बंद करायची. कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. या पुस्तिकेत तो दिलेला नाही.

आरपीएमच्या, म्हणजे फेडोरा-रॉकीच्या, घराण्यात हे थोडं सोपं आहे. तिथं प्रत्येक पॅकेजवर स्वतंत्र सही असते, त्यामुळे रेपोसिंकनं निवडक पॅकेजं आणून ‘क्रिएटरेपो-सी’नं सूची नव्यानं बांधली तरी पॅकेजची तपासणी तशीच चालते. फक्त गटांची माहिती हाताला धरून न्यावी लागते, नाहीतर ‘ग्रुप इन्स्टॉल’ला गटच सापडत नाहीत. आणि ‘फक्त नवीन’ हा पर्याय लावून वर मूळची सूची उतरवून घेतलीत, तर पुन्हा तीच ४०४.

माझा कल उघड आहे, म्हणून सांगतो. पहिला मिरर बांधणाऱ्यानं नावाच्या नमुन्यांना हात लावू नये. एकच आवृत्ती, तिची सुरक्षा-अपडेट्स, एएमडी६४ आणि आर्किटेक्चरवर न अवलंबणारी ‘ऑल’ पॅकेजं, सोर्स नाही. एवढ्यावर टेराबाइटांचा डोंगर शेकडो जीबींवर येतो, आणि साध्या डेस्कटॉपच्या डिस्कवर तो मावतो. मराठीही आपोआप येते, कारण कुणी तिला वगळलेलंच नसतं. वर्षभर हे चालवा. मगही जागा कमी पडली तर नमुन्यांकडे वळा.

सुरक्षा-अपडेट्सचा उल्लेख आला. डेबियनमध्ये ती वेगळ्या ठिकाणाहून येतात, मुख्य मिररच्या पोटात नसतात. मुख्य आणला आणि सुरक्षेचा विसरला, असे मिरर चालू दिसतात आणि तरी धोक्याचे असतात, कारण मशीन रोज ‘सगळं अद्ययावत आहे’ असंच सांगत राहतं. तीच गोष्ट कर्नलची. कर्नलची पॅकेजं जड, आणि दर काही आठवड्यांनी नवं, म्हणून ‘लिनक्स-इमेज’ वगळणारे नियम मी पाहिले आहेत. त्यांचा अर्थ इतकाच की कर्नलमधलं भगदाड लॅबमध्ये कायम राहणार.

मिटवण्याचं प्रकरण पुस्तिकेत सगळ्यात लांब आहे, आणि ते तसंच असायला हवं. मूळ ठिकाणी जे उरलं नाही ते आपल्याकडूनही काढ, असा आर्सिंकला ‘डिलीट’ पर्याय देतात. तो नसेल तर डिस्क जुन्या आवृत्त्यांनी भरते. पण वगळलेल्या फायलींना हा पर्याय हात लावत नाही. म्हणजे आज तुम्ही खेळ वगळलेत तरी काल उतरलेले खेळ डिस्कवर तसेच राहतात, आणि माणूस विचारत बसतो की नियम लावूनही जागा का सुटत नाही. त्यासाठी ‘डिलीट-एक्सक्लूडेड’ आहे. त्याच्यासोबत चुकीचा नमुना गेला तर मात्र आठवडाभर रात्री जागून उतरवलेला मिरर मिनिटभरात साफ होतो. म्हणून नियमांची फाइल बदलल्यावर पहिली फेरी नेहमी ‘ड्राय-रन’ची: आर्सिंक काय आणेल, काय काढेल ते छापून दाखवतं, करत काही नाही. ती यादी फाइलीत घ्या आणि तिच्यात ‘मराठी’ शोधा.

मिटवण्याचा दुसरा धोका मूळ ठिकाणाकडून येतो. आपल्याकडच्या पुष्कळ लॅब सेंटओएसवर होत्या. सेंटओएस ८ चा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, आणि नंतर त्याची पॅकेजं नेहमीच्या मिररवरून निघून ‘व्हॉल्ट’ या जुन्या साठ्याकडे गेली. ज्यांच्या मशीनवर रात्री दोनला ‘डिलीट’सह सिंक लावलेलं होतं, त्यांच्याकडे अशा वेळी काय होतं ते वेगळं सांगायला नको: मूळ रिकामं, म्हणून तुमचंही रिकामं. आर्सिंकला ‘कमाल इतक्याच फायली काढ’ अशी मर्यादा घालता येते. ती घाला. सेंटओएस ७ ही ३० जून २०२४ ला संपलं. तुमच्या लॅबमध्ये ते अजून चालू असेल, तर नियमांआधी डिस्ट्रिब्युशन बदला.

राहता राहिला क्रम. सिंक चालू असताना सकाळी दहाची बॅच बसली तर काही मशीनना पुन्हा ४०४ दिसतं: सूची नवी आली, पॅकेजं अजून यायची आहेत. म्हणून आधी ‘पूल’, मग ‘डिस्ट्स’, आणि जुनं काढायचं ते सगळ्यात शेवटी. डेबियनची स्वतःची ‘एफटीपीसिंक’ स्क्रिप्ट हेच करते. रात्री मध्येच लाईट गेली तर कुलुपाची फाइल मागे राहू शकते आणि दुसऱ्या रात्रीचं सिंक ‘आधीचं चालू आहे’ समजून परत जाऊ शकतं. ते सकाळी पाहायची सवय हवी.

पुस्तिकेची मांडणी वापराच्या क्रमानं आहे. पहिलं प्रकरण डिस्क आणि लाइन मोजण्याचं, दुसरं मराठीच्या यादीचं, तिसरं नमुन्यांशिवायच्या साध्या मिररचं. चौथ्यापासून पुढे नमुने, सूची, सह्या आणि मिटवणं. नवख्यांनी तिसरं संपवून थांबलं तरी त्यांचं काम झालेलं असेल.

वाचकांकडे एकच मागणं आहे. नियमांच्या फाइलीत हॅशच्या चिन्हानं सुरू होणारी ओळ आर्सिंक वाचत नाही. ती माणसांसाठी असते. प्रत्येक ‘वगळा’च्या वर तशी एक ओळ लिहा: का वगळलं, कुणी, कधी. लॅब सांभाळणारा माणूस बदलतो, कधी उमरखेडहून दारव्ह्याला बदली होते, कधी कंत्राट संपतं. नियम मात्र वर्षानुवर्षं चालू राहतात आणि मागून आलेल्याला ते काढायची भीती वाटते. अशी कारणांसहित फाइल तयार झाली की ती शेजारच्या कॉलेजला द्या, आणि मराठीच्या यादीत एखादं पॅकेज आमच्याकडून राहिलं असेल तर पुढच्या आवृत्तीसाठी ते आम्हाला जरूर कळवा.